तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकांची यादी ऑनलाइन कुठे आणि कशी ठेवावी?

‘आवडत्या पुस्तकांची यादी ऑनलाइन करायची आहे, कोणती साइट चांगली?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

चर्चा आणि परीक्षणं हवी असतील तर गुडरीड्स. २००७पासून चालू आहे आणि गर्दी तिथेच जास्त. आपला संग्रह ग्रंथपालासारखा लावायचा असेल तर २००५चं लायब्ररीथिंग. तिथे नोंद थेट मोठ्या ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून उचलता येते, आणि २०० पुस्तकांनंतर पैसे मागण्याची जुनी पद्धत २०२०मध्ये बंद झाली. स्टोरीग्राफवर पाव-पाव ताऱ्याने गुण देता येतात. तीन की साडेतीन यावर अडणाऱ्यांची सोय. निवड चुकली तरी फारसं बिघडत नाही, यादी हलवता येते. बिघडतं ते नोंदी घाईने केल्या की.

पुस्तक नोंदवायला फोनने बारकोड स्कॅन करताना ९७८ किंवा ९७९ने सुरू होणारा १३ अंकी आकडाच आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), हे बघून घ्या. शेजारचा पाच अंकी छोटा बारकोड बहुधा किमतीचा असतो. २००७च्या आधीच्या पुस्तकांवर १० अंकी क्रमांक सापडेल. त्याच्या शेवटी X असला तर ती छपाईची चूक नाही, तो तपासणीचा ‘अंक’ आहे. १९७०च्या आधीच्या पुस्तकांवर सहसा क्रमांकच नसतो. तिथे नाव, प्रकाशक आणि वर्ष हाताने भरावं लागतं. शोधात येणारी पहिली नोंद उचलायचा मोह होतो, पण तिचं मुखपृष्ठ आणि पानं वेगळ्याच आवृत्तीची असू शकतात.

अनुवादांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. या साइट्स ‘कृती’ आणि ‘आवृत्ती’ वेगळ्या धरतात. मूळ पुस्तक, त्याचे सगळे अनुवाद, पुठ्ठा बांधणी, ई-बुक, सगळं एकाच कृतीखाली येतं आणि त्यांचे तारे नि परीक्षणं एकत्र मोजली जातात. म्हणजे एखाद्या रटाळ अनुवादाला तुम्ही दोन तारे दिलेत, तर ते मूळ लेखकाच्या खात्यात पडतात. म्हणून परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत अनुवादकाचं नाव लिहा. चार-पाच वाक्यं पुरतात: कोणाला आवडेल, कोणी वाटेला जाऊ नये, आणि का. कथानक सांगायला मागचं कव्हर आहेच. शेवट फुटत असेल तर स्पॉइलरची खूण न विसरता लावा.

टॅग, म्हणजे पुस्तकाला जोडायचे विषयशब्द, सुरुवातीला दहा-बाराच ठेवा. ‘प्रवास’, ‘प्रवासवर्णन’, ‘प्रवासवर्णने’ असे तीन झाले की शोध तीन जागी फुटतो. उसनं कोणाला दिलं, ही नोंद मात्र खासगी रकान्यात, चारचौघांत नको.

दर तीन-चार महिन्यांनी यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) उतरवून घ्या. गुडरीड्सवर ही सोय ‘माय बुक्स’खाली इम्पोर्ट-एक्सपोर्टमध्ये आहे. कुठल्याही साइटच्या अशा फाइलवर सरळ डबल-क्लिक करू नका. एक्सेल १३ अंकी आयएसबीएनला संख्या समजून ९.७८ई+१२ असं दाखवू शकतं, दहा अंकींच्या सुरुवातीचं शून्य गिळू शकतं आणि देवनागरी नावांचं कडबोळं करू शकतं. अशी फाइल जतन केली की दुसऱ्या साइटवर अर्धी पुस्तकं सापडत नाहीत आणि दोष त्या साइटला जातो. आधी कोरी शीट उघडा, डेटा इम्पोर्ट करताना यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षर-संकेतपद्धती) निवडा आणि आयएसबीएनचे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा. मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला असू द्या.

आणखी एक: गुडरीड्सच्या फाइलमध्ये वाचल्याची तारीख एकच येते. पुन्हापुन्हा वाचण्याची सवय असेल, तर आधीच्या तारखा खासगी टिपणात लिहीत चला.