एक केळं उरलं तो रविवार

ताटात एक केळं उरलं, म्हणून कळलं. वहीत चोवीस नावं, ताटात मोजून चोवीस केळी, वाटून झाली तरी एक शिल्लक. ज्या बाईंनी वाटली त्यांना वाटलं कुणीतरी नको म्हणालं असेल. सहावी ते आठवीची मुलं साडेअकरानंतर केळं नको म्हणत नाहीत. मुलं मोजली तर तेवीस.

आमची मध्य मुंबईतली जुनी मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च. इमारत एक आणि उपासना तीन भाषांत. मराठी उपासना ९ ते पावणेअकरा, आणि साडेबाराला तामिळ मंडळी वरच्या हॉलच्या दाराशी उभी असते. मध्ये ११ ते १२.१५ हा वेळ आमच्या या गटाचा. धाकट्यांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, वेगळी, मोठ्यांचा तरुण संघ वेगळा. मधल्या या तीन इयत्ता दोन्हीकडे बसत नाहीत. चित्रं रंगवायला दिली की अपमान वाटतो आणि चर्चेला बसवलं की जांभया देतात. सातवीतल्या दोघांच्या उंचीत वीतभर फरक असतो, आवाज फुटत असतात, आणि सगळ्यात मोठी भीती एकच असते, चारचौघांत हसं होण्याची.

जुलै महिना, पाऊस, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. अशा रविवारी मुलं एकदम येत नाहीत, पाऊण तास गळत गळत येतात. त्यामुळे दारावर एक माणूस शेवटपर्यंत लागतो. आमचा नियम चोवीस मुलांमागे चार मोठी माणसं असा आहे. त्यांत दोन तरी बायका, आणि कुठलंही एक मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड कधीच नाही. हे कुणावर संशय म्हणून नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही तक्रार न करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे गटात काम करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा आकडा कायम लिहिलेला असतो. त्या दिवशी चारपैकी एक जण ब्लॉकमध्ये अडकला होता. उरलो तिघं. दारावर मी. सव्वाअकराला केळी कापडाने पुसायला कुणी नव्हतं म्हणून मी दार सोडून ताटाकडे गेलो. पुढच्या गोष्टीची सुरुवात तिथे आहे.

नवा मुलगा सातवीतला. वडिलांची बदली झाल्याने दोन आठवड्यांपूर्वी बंगळूरहून आलेला, आमच्या मंडळीतल्या एका आजींचा नातू. उपासनेत पाळकसाहेबांनी नव्या पाहुण्यांना उभं केलं तेव्हा तो उभा राहिला. आमच्या गटात पुन्हा उभं करून टाळ्या वाजवल्या. तासाभरात दोनदा. मोठ्या माणसाला यात मान वाटतो. बारा वर्षांच्या मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तरी आम्ही ते वर्षानुवर्षं करत आलो, कारण आपल्या लहानपणी तसंच झालं होतं.

खेळ मात्र ठीक झाला. संगीत खुर्ची आम्ही बंद केली आहे. त्यात जो आधी बाद होतो तो बहुधा नवा किंवा लाजरा असतो, आणि उरलेली दहा मिनिटं भिंतीला टेकून बघत बसतो. कप्तान नेमून गडी निवडायला लावणं त्याहून वाईट, कारण शेवटी कोण उरणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आम्ही दारातच मनगटाला रंगीत रिबन बांधतो, चार रंग, प्रत्येकी सात. सात अशासाठी की उशिरा येणारे धरून अठ्ठावीसपर्यंत पुरतात. मुलं जिन्यावर रिबनी बदलतात, ते बदलू द्यायचं. फक्त नव्या मुलाला आणि त्याला ओळखणाऱ्या एखाद्याला एकच रंग द्यायचा. याला ओळखणारं कुणीच नव्हतं, तेव्हा त्याच्या इमारतीच्या गल्लीत राहणाऱ्या आठवीतल्या मुलाचा रंग दिला. त्याने बोलून बोलून त्याला खुलवलं. मुलाचं मराठी आजीचं, अस्सल नगरी. "काय राव, आमच्याकडं असा पाऊस नसतोय" म्हणाला तेव्हा सगळी हसली, चांगल्या अर्थाने. त्या अस्सल बोलण्यानेच आमचा घात केला.

पाठ बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाचा, ओव्या, म्हणजे वचनं, १ ते १२. कफर्णहूम गावातल्या घरात येशूला ऐकायला दाटी झालेली, चौघं जण पक्षघाती, म्हणजे लुळ्या पडलेल्या, माणसाला घेऊन येतात, दारातून शिरता येत नाही, तेव्हा छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. या वयाला हा पाठ फार चांगला लागू पडतो, पण छपराची रचना आधी सांगावी लागते. तिकडची घरं सपाट छपराची. लाकडी तुळया, त्यावर फांद्या किंवा बोरू, वर मातीचा थर, आणि वर जायला बाहेरून जिना. म्हणजे छप्पर फोडणं हे कौलं सरकवण्यासारखं नव्हतं, खालच्या लोकांच्या डोक्यावर माती पडत होती. मुंबईच्या मुलांना जुलैत हे समजवायला लागत नाही. निळी ताडपत्री आणि गळकं छत निम्म्यांच्या घरचं. दर वेळी एक जण विचारतोच, "पण मग छप्पर दुरुस्त कोणी केलं?" उत्तर द्यायची घाई करू नये. त्या प्रश्नावर पाच मिनिटं सहज जातात आणि ती पाठातली सगळ्यात कामाची पाच मिनिटं असतात.

प्रात्यक्षिक असं करतो. एक जाड सतरंजी, चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन मीटर सुती दोरी, दोरी कोपऱ्यात दगड गुंडाळून त्यावर बांधलेली, म्हणजे निसटत नाही. नायलॉनची दोरी तळहात कापते. सतरंजीवर पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या. स्टेजवरून चौघांनी तीन फूट खाली सोडायचं, सतरंजी आडवी राहिली पाहिजे. एकाने घाई केली की तो कोपरा खाली जातो आणि पिशव्या घरंगळतात. चौघांनी एकमेकांकडे बघत सोडलं तरच जमतं. चादर वापरू नका, जुनी असेल तर फाटते. आणि सतरंजीवर मूल कधीही झोपवू नका. पडण्याचा धोका आहेच, शिवाय "ह्याला उचलायला दहा जण लागतील" हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि ज्याला म्हटलं तो पुढच्या रविवारी येत नाही.

पण प्रात्यक्षिकाआधी वाचन असतं. गोलात बसून एकेकाने एकेक ओवी वाचायची. मराठी मंडळ्यांत या वाचनाचा मान मोठा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. शाळा आणि छापखाना ही त्या मिशनच्या पहिल्या कामांपैकी. आमच्या मंडळीतल्या कित्येक घरांत पणजी वाचायला शिकली ती शास्त्रावरच, म्हणजे बायबलवर. त्यामुळे नातवाला ओवी वाचता न येणं हे आजोबांना देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न येण्याइतकंच लागतं. आजची मुलं मात्र बहुतेक इंग्रजी माध्यमाची. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. तरी पाठ्यपुस्तकातली मराठी वेगळी आणि शास्त्रातली वेगळी. त्यात "बाज" आहे. दर वर्षी कुणीतरी विचारतं, की त्या आजारी माणसाबरोबर ससाणा कशाला होता? हिंदीतला बाज त्यांना माहीत, मराठीतली खाट नाही.

गोलात वाचन लावलं की एक गोष्ट नेहमी घडते, फक्त आपल्याला दिसत नाही. मुलं ऐकत नसतात, मोजत असतात. आपल्या आधी किती जण, म्हणजे आपल्याला कुठली ओवी, ती मनात पाच वेळा घोकायची. त्या मुलाने मोजून तिसरी ओवी काढली असावी, ती लहान आहे. तेवढ्यात ब्लॉकमधून सुटलेली एक मुलगी येऊन त्याच्या आधी बसली आणि त्याच्याकडे चौथी आली. दाटी, छप्पर, उकरणं, बाज, पक्षघाती, सगळं त्याच ओवीत. तो उठला, "टॉयलेट" म्हणाला आणि गेला. पुढच्याने ओवी वाचली. आमच्यापैकी एकाने मान हलवून परवानगी दिली होती. दारावर कुणी नव्हतं.

ही वेळ ११.३० ची. केळं उरलं ११.५५ ला. पंचवीस मिनिटं.

मूल सापडत नाही तेव्हा पाय आपोआप आत वळतात. संडास, माळा, वेदीमागची खोली. तसं करू नये. आधी फाटक. आत असलेलं मूल आणखी दहा मिनिटांनी आतच असतं. बाहेर गेलेलं दहा मिनिटांत स्टेशनात पोचलेलं असतं. एक जण फाटकावर, एक जण शोधायला, एक जण बाकीच्या मुलांना बसवून ठेवायला, कारण मुलंही शोधायला सुटली की मोजायला आणखी तेवीस. पाच मिनिटांत सापडलं नाही तर घरी फोन, आणखी वाट बघायची नाही. वॉचमनने विचारलं, "शर्ट कुठल्या रंगाचा?" तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. रिबन हिरवी होती एवढंच आठवलं, आणि मनगटावरची रिबन फाटकावरून कोण बघणार. त्या दिवसापासून पहिल्यांदा येणाऱ्याच्या नावापुढे आम्ही कपड्यांचा रंग लिहितो.

तो सापडला मागच्या स्वयंपाकघरात. उपासनेनंतर महिला संघाचा चहा असतो. कपबश्या विसळायला तीन मावश्या होत्या आणि हा चौथा, बाह्या कोपराच्या वर. "अहो, हा तुमच्यातला होय?" एक मावशी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं कुणाचा तरी नातू. खाली येऊन उभा होता, म्हटलं बाळा, तो ट्रे धर. कामाचा आहे हो पोरगा." त्याने आम्हाला हिशोब दिला. बासष्ट झाल्या, दोन टवका उडालेल्या बाजूला काढून ठेवल्यात.

तिथे काहीही विचारलं नाही. आजींना निरोप धाडला की नातू चहाच्या खोलीत मदत करतोय, आणि मावश्यांना शांतपणे सांगितलं की वरच्या गटातलं मूल खाली दिसलं तर आधी वर कळवा. उकळत्या चहाचं पातेलं हातभर अंतरावर होतं. चूक त्यांची नव्हती. मग आम्ही दोघं आणि तो जिना चढत असताना, समोरासमोर न बघता, एवढंच म्हटलं की आजचं वाचन अवघड होतं. या वयाच्या मुलांशी बोलायला जिना, भांडी घासणं, रस्त्याने शेजारी चालणं बरं. समोर खुर्ची मांडली की बोलणं संपतं. तो म्हणाला, "मला बोलता येतंय, वाचता येत नाही. कन्नड येतं." शाळेत इंग्रजी, कन्नड, हिंदी. हिंदीमुळे अक्षरं ओळखतो, पण "ळ" आला की अडखळतो आणि जोडाक्षरांत जीव जातो.

पुढच्या बैठकीत गोलातलं वाचन बंद करावं असं ठरवताना वाद झाला. एक वडील म्हणाले, मग मुलं शिकणार कधी? म्हणणं खोटं नाही. पण वाचायला शिकवायची जागा वेगळी आणि चारचौघांत परीक्षा घ्यायची वेगळी, यावर मी अडून बसलो. आता ओव्या अठरा पॉइंटच्या ठळक अक्षरात एकेका पट्टीवर छापतो, खाली अवघड शब्दांचे अर्थ. पट्ट्या शनिवारी पालकांच्या ग्रुपवर जातात. रविवारी ज्याला वाचायचंय त्याने दारातच पट्टी उचलायची, नको असेल त्याने पुढे जायचं, का ते विचारायचं नाही. इंग्रजी किंवा हिंदी शास्त्रातून वाचलं तरी चालतं, मग दुसऱ्या कुणीतरी ते मराठीत आपल्या शब्दांत सांगायचं. हे दुसरं काम खरं तर जास्त कठीण आहे आणि नगरी बोलणाऱ्या त्या मुलाइतकं चांगलं ते कुणालाच जमत नाही. आधी जोडीने वाचायला लावून पाहिलं होतं. ते फसलं, कारण जोडीदार कानात कुजबुजून शब्द सांगतो आणि सगळ्यांना ऐकू जातं.

उभं करून टाळ्याही गेल्या. नव्या मुलाला आता दारात काम मिळतं. काम खरं हवं. उगाच दिलेलं काम ही मुलं लगेच ओळखतात. केळी मोजून ताटात लावणं, दोरीचा एक कोपरा, वहीतल्या नावांची मांडणी. यात एक अडचण निघाली, कामसू मुलं कामातच लपतात आणि पाठाला बसत नाहीत. म्हणून काम पहिल्या वीस मिनिटांपुरतं, आणि संडासला जाताना दारावरच्या माणसाला सांगून, रिबन त्याच्या हातात ठेवून जायचं. परत आल्यावर तीच बांधून घ्यायची. दार मात्र आता केळ्यांसाठीही सोडत नाही.

पुढच्या रविवारी तो आला. आधी मागच्या स्वयंपाकघरात गेला, बारा-पंधरा कपबश्या विसळल्या, मग वर आला. मावश्यांशी बोलून ठरवलं, १०.५५ ला त्याला वर सोडायचं. त्या ११.१० ला सोडतात.