तुकड्यांचा आरसा

समकालीन इराणी कलेतल्या सूफी विचाराविषयी मी बोलते, तेव्हा कलाकृतींची छायाचित्रे पाहून एक प्रश्न हमखास येतो : यात ना दरवेश (सूफी फकीर), ना प्रार्थनेत बसलेले कोणी, मग याला आध्यात्मिक कशावरून म्हणायचे? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुनीर शाहरुदी फरमानफरमाइयान या इराणमधल्या कझवीनच्या कलावंत. कला शिकल्या न्यूयॉर्कमध्ये. शिराझच्या शाहचेराग दर्ग्यात मात्र त्या खिळून बसल्या. तिथल्या भिंती आणि घुमट आरशांच्या बारीक तुकड्यांनी मढवलेले आहेत आणि भाविकांची हालचाल, त्यांचे अश्रू, दिव्यांचा उजेड हे सारे त्या तुकड्यांत अखंड थरथरत असते. पुढे हाजी उस्ताद मोहम्मद नवीद या कसबी कारागिराच्या साथीने मुनीर यांनी ही आईनेकारी, म्हणजे आरशांच्या तुकड्यांची जडणघडण, दर्ग्याच्या भिंतीवरून स्वतंत्र कलाकृतीत आणली. त्रिकोण, चौकोन, षट्कोन यांच्या भूमितीत बसवलेल्या काचांसमोर उभे राहिले की आपला चेहरा अखंड दिसतच नाही; डोळ्याचा एक कोपरा, शेजारच्याची बाही, खिडकीतला उजेड एकमेकांत मिसळतात.

निशापूरचे सूफी कवी अत्तार यांच्या काव्यात सीमुर्ग या पक्षिराजाच्या शोधात निघालेले पक्षी अखेर तीसच उरतात, आणि फारसीत 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी; ज्याला शोधले, त्याच्या जागी त्यांना आपण स्वतःच दिसतो. मुनीर यांचा आरसा मला त्याच्याही पुढचा वाटतो, कारण तो 'स्वतः'सुद्धा सबंध हाती लागू देत नाही. सूफी ज्याला फना म्हणतात, ते 'मी'चे विरून जाणे इथे पाहणाऱ्याच्या देहावर घडते. नुसता दरवेश रंगवला असता, तर आपण चित्राबाहेरच राहिलो असतो.

इराणी शिल्पकार परवीझ तनावोली यांनी 1960च्या दशकापासून घडवलेली 'हीच' शिल्पेही याच वाटेवरची आहेत. मराठीत 'हीच' म्हणजे नेमकी ही. फारसीत 'हीच' म्हणजे काहीच नाही. तो शब्द त्यांनी ब्राँझमध्ये उभा केला, खुर्चीला बिलगवला, पिंजऱ्यात ठेवला. तरी त्यात निराशा नाही, असे ते स्वतः सांगत आले आहेत.

तुमच्या प्रश्नाचे कारण मला छायाचित्रांतच दिसते. मुनीर यांच्या कामाचे छायाचित्र बहुधा रिकाम्या दालनात, स्वतःचे प्रतिबिंब पडू नये म्हणून बाजूला सरकून घेतलेले असते. ज्याने त्या आरशात विरायचे, तो माणूसच तिथे नसतो.