४०७ चं पेडल, आणि "एअर आहे भाऊ, अजून काढा"

"एअर आहे भाऊ, अजून काढा." आमच्या गाडीचं ब्रेक पेडल बसत होतं, तं ब्रेकच्या तेलात हवा अडकली, ती काढा, असं हे वाक्य यंदा इतक्या लोकांकडून ऐकलं की आता कोणी म्हटलं तं डोकंच तापते. म्हणून लिहून ठेवतो, जुनी गाडी असणाऱ्यांच्या कामी येईल.

आमची ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, जुनी आहे, घरचा न् गावातला कापूस तिच्यावरच जिनिंगले जाते. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली, वेचणी जोरात लागली आणि नेमकं तेव्हाच ब्रेकनं दगा दिला. फाट्यावर पेडल दाबून उभं राहा, काळ्या रानात पाय रुतावा तसं ते हळूहळू खाली जाते. सोडून पुन्हा मारलं की वर. मागे तीसेक क्विंटल माल आणि समोर उतार, विचार करा.

चाकातले व्हील सिलेंडर, होज पाइप, ड्रमले घासणारे लायनर, मास्टरचं (पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलते तो मुख्य सिलेंडर) किट म्हणजे त्याच्या आतले रबरी कप, सगळं टाकून झालं. एअर काढायचं तं सगळ्यांनाच येते, मास्टरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं न् शेवटी ड्रायव्हरकडचं. चाकामागच्या निप्पलले (हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत तेलात बुडलेलं, एकानं दाबून धरायचं, दुसऱ्यानं निप्पल सोडून परत आवळायचं आणि तेव्हाच पाय उचलायचा. मास्टरच्या वरच्या डब्बीतलं ब्रेक ऑइल संपू द्यायचं नाही, नाही तं पहिल्यापासून.

हे सगळं व्यवस्थित केलं. नळीतून एक बुडबुडा येत नव्हता, तरी मेकॅनिकचं एकच, "एअर हाय." दुकानात गेलो तं दुकानदारही तेच. अरे बाप्पा, एअर असली तं पेडल स्पंजासारखं दबते न् पाय उचलला की उसळते, पाय ठेवला असताना सावकाश खाली काहून जाईन? लायनर ढिले असले तं पहिल्या पंपाले खोल जाते, दोनतीनदा मारलं की वर येऊन तिथंच थांबते. आमचं थांबतच नव्हतं. बाहेर लिकेज म्हणावं तं डब्बीतलं तेल जसंच्या तसं, चारही ड्रम काढून व्हील सिलेंडरचे रबर उचलून पाहिले, कोरडे ठणठणीत. मास्टर बूस्टरले (पायाचा जोर वाढवणारा डबा) जोडतो तिथंही बोट फिरवलं, ओल नाही. तेल कमी होत नाही आणि पेडल बसते, म्हणजे तेल मास्टरच्या आतच कपाच्या बाजूनं मागे सरकून राहिलं. पण हे कोणी ऐकूनच घेईना, कारण "किट तं नवीन टाकलं ना!"

मग मीच डमी मारायचं, म्हणजे मास्टरची तोंडं बंद करून पाहायचं ठरवलं. ब्रेकच्या जुन्या लाइनचे (तेलाच्या लोखंडी नळीचे) नटासकट बोटभर तुकडे कापले, टोकं गॅस वेल्डिंगनं बंद केली, चाकांकडे जाणाऱ्या लाइनी काढून मास्टरच्या तोंडांवर हे डमी बसवले. थोडे ढिले ठेवून आतली एअर काढली आणि आवळले. आता चाकं, होज, लायनर सगळं बाजूला, फक्त मास्टर. इंजिन बंद करून पंप मारून बूस्टरचा व्हॅक्यूम संपवला आणि पेडल दाबून धरलं. मास्टर चांगला असता तं दगडासारखं उभं राहिलं असतं. ते गेलं खाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मेकॅनिक चूप बसला.

मास्टर खोलला, बोअरमध्ये (कप सरकतात त्या आतल्या पोकळीत) टॉर्च मारला. पुढच्या भागात गंजाचे बारीक खड्डे, नखाले लागत होते, आणि नव्या कपाच्या कडेवर ओरखडे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, वर्षानुवर्षे बदललं नाही की ते पाणी आतून लोखंड खाते. अशा बोअरमध्ये कितीही किटं टाका, पैसे पाण्यात. पूर्ण मास्टर सिलेंडरच मागवला, तो येईपर्यंत गाडी उभी न् कापूस घरात, त्याचा राग अजून आहे. पण बसवल्यावर एकदाच एअर काढली आणि पेडल वरच्या वर टाइट. लय बरं वाटलं.

जुन्या मास्टरवर एअर काढताना पेडल पार तळाले नेऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोज कप जिथं पोचत नाही तिथलाच भाग गंजलेला राहते आणि कप तिथंच फाटते. कप डिझेल-पेट्रोलनं धुवायचे नाहीत, रबर फुगते, ब्रेक ऑइलनंच पुसा. इंजिन चालू केल्यावर दाबलेलं पेडल एकदा थोडं खाली जाते, ते बूस्टरचं आहे, त्याले घाबरू नका. बाटलीत निघालेलं तेल परत डब्बीत टाकायचं नाही, कोणी कितीही "चालते" म्हटलं तरी. आणि कलरवर सांडलं तं लगेच भरपूर पाणी मारा, नाही तं कलर सोलून निघते.