वाघ गोत्कामला का घाबरला आणि गाउलच्या इतर गोष्टी

शनिवारी सकाळी लायब्ररीत जायचं आणि दोघींच्या कार्डांवर मिळून पिशवीभर पुस्तकं आणायची, हा आमचा दक्षिण कोरियातल्या सुवॉनमधला एकमेव धार्मिक कार्यक्रम. लेक पाच वर्षांची. निवड तिची, पिशवी माझ्या खांद्यावर. मुलांच्या खोलीत बूट काढून जायचं, जमिनीवर कुठंही लोळायचं, कोणी ओरडत नाही. आणि सप्टेंबर लागला की दारासमोरचं टेबल बदलतं, समुद्र आणि कलिंगडाची पुस्तकं गायब होतात आणि सगळं टेबल लाल पिवळं तपकिरी होऊन जातं. गाउल आला, म्हणजे इथला पानगळीचा ऋतू. इथं सप्टेंबर हा कायद्यानेच वाचनाचा महिना आहे, आणि गाउलसाठी चिनीतून आलेली एक जुनी म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, छॉनगोमाबी, म्हणजे आकाश उंच झालं आणि घोडे लठ्ठ झाले. मला ही भयंकर आवडते. आमच्या घरात सप्टेंबर ते नोव्हेंबर कोण कोण लठ्ठ होतं ते सांगत नाही.

तर प्रॉब्लेम असा की मी ही पुस्तकं तिला मराठीत वाचून दाखवते. समोर कोरियन, तोंडातून मराठी. हांगुल अक्षरं मी पटकन शिकले पण अर्थ लागायला वेळ लागतो, आणि ही बया बालवाडीत दिवसभर कोरियनच बोलते त्यामुळे मी काही गाळलं की लगेच, "आई, तू ती ओळ वाचलीच नाहीस." आणि गाडी पहिल्याच शब्दाला अडते. गाउलला काय म्हणायचं? शरद ऋतू? मी आयुष्यात बोलताना कधी शरद ऋतू म्हटलेलं नाही, शरद म्हटलं की मला राजकारण आठवतं. मी चंद्रपूरची. आमच्याकडे ह्या दिवसात ऑक्टोबर हीट असते, पाऊस गेलेला, ऊन डोक्यावर, कूलर आत ठेवावा की नको ह्यावर घरात चर्चा. पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, सागाचं जंगल उघडं पडतं आणि मधेच पळस पेटलेला. बिनपानाचं झाड बघितलं की मला आतून उन्हाळाच वाटतो, तहान लागते. इथं बिनपानाचं झाड म्हणजे कानटोपी काढा. झाड तिकडं पाणी वाचवायला पानं टाकतं, इकडं थंडी यायच्या आत आवरून घेतं. हे मला कळतं हो, पण चित्र बघितल्यावर घसा कोरडा पडतो तो पडतोच. शेवटी मी नाद सोडला, आता आमच्या मराठीत गाउलला गाउलच म्हणतात.

बरं, पानांना इथं दोन वेगळे शब्द. झाडावर रंगलेलं ते दानपुंग, खाली पडलेलं ते नाग्यॉप. लेक मला दुरुस्त करते, "आई हे अजून दानपुंग आहे, पडलं कुठंय." मराठीत दोन्ही पानच.

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा आलेलं पुस्तक म्हणजे बेक हीनाचं 'आल्साथांग', गोड गोळ्यांची गोष्ट. ही बाई चित्रं काढत बसत नाही, बाहुल्या बनवते, इवलीइवली घरं बनवते, त्यात लाइट लावून फोटो काढते. २०२० मध्ये तिला आस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार मिळाला, मुलांच्या साहित्यातला फार मोठा पुरस्कार. (दोनच वर्षांनी इ सूजीला चित्रांसाठी अँडरसन पुरस्कार. एवढासा देश, आणि चित्रपुस्तकं अशी करतात.) ह्याच पुस्तकावर जपानमध्ये शॉर्ट फिल्म झाली आणि ती २०२५ च्या ऑस्करच्या नॉमिनेशनमध्ये होती. गोष्ट एका एकट्या मुलाची, नाव दोंगदोंग, गोट्या एकट्यानेच खेळतो. त्याला गोळ्या मिळतात, एकेक गोळी चघळली की एकेकाच्या मनातलं ऐकू येतं, आधी सोफा बोलतो, मग म्हातारा कुत्रा, मग बाबा. सोफ्याचं म्हणणं काय ते सांगत नाही पण त्या पानावर आमच्याकडे दहा मिनिटं हसणं चालतं.

मग येते गाउलच्या रंगाची गोळी. तो धावत बाहेर जातो तर सगळीकडं पानं पडतायत आणि पानं म्हणतायत, आन्न्यॉंग, आन्न्यॉंग, आन्न्यॉंग. आता गंमत बघा, आन्न्यॉंग हे भेटल्यावर पण म्हणतात आणि निघताना पण. म्हणजे पानं टाटा करतायत की हॅलो करतायत ते पुस्तक सांगत नाही, आणि सगळी मजा त्यातच आहे. मी पहिल्यांदा वाचलं "टाटा टाटा". लेकीला पटलं नाही. मग "हॅलो". मग दोन्ही आळीपाळीने, ते तर अगदीच बेकार, रेल्वे स्टेशनसारखं. आणि मग एके रात्री अर्धवट झोपेत माझ्या तोंडून आपोआप गेलं, "येते हं. येते हं. येते हं." आपण निघताना जाते म्हणत नाही ना, येते म्हणतो. मी स्वतःच उठून बसले. त्या पुस्तकासाठी मराठीत हे इतकी वर्षं तयार पडून होतं. लेक झोपली होती, तिला काही नाही त्याचं.

दुसरं एक पुस्तक आहे, नाव 'बाप्पायो बाप्पा', आपल्याला वाटेल गणपतीचं आहे पण अर्थ आहे 'घाई हो घाई', सगळे कामात. लिहिलंय युन गुब्यॉंग ह्यांनी, चित्रं इ थेसूची. हे युन गुब्यॉंग फिलॉसॉफीचे प्रोफेसर होते, विद्यापीठ सोडून ब्यॉन्सानला शेती करायला गेले, त्यामुळे पुस्तकात जे काम आहे ते खरं काम आहे. डोंगरातलं गाव, आजी बिझी, आजोबा बिझी, मिरच्या वाळवा, तीळ झोडा, भात कापा, शेवटी किमजांग, म्हणजे थंडीसाठी सगळ्यांनी मिळून किमची घालायची. चित्रं इतकी बारीक की मिरचीचा देठ कुठं सुकलाय ते दिसतं. हे वाचताना मला एकही शब्द अडला नाही! झोडणी, पाखडणं, वाळवण, सूप, सगळं होतं तोंडात. रंगांचे शब्द नव्हते, कामांचे सगळे निघाले. फक्त आईला व्हिडिओ कॉलवर मिरच्यांचं पान दाखवलं तर ती म्हणाली, "आत्ता? वाळवण आत्ता? उन्हाळ्यात नाही का करत?" नाही करत, कारण इथला पाऊस जून-जुलैत पडून जातो, कोरडं ऊन आता मिळतं. म्हणजे आपलं चैत्र-वैशाखातलं अंगण इथं गाउलमध्ये भरतं. आमच्या बिल्डिंगखालीसुद्धा पार्किंगच्या कडेला चटईवर लाल मिरच्या पसरलेल्या असतात आणि शेजारी एक हाल्मोनी, म्हणजे आजी, छोट्या स्टुलावर राखण करत बसलेली असते, मी गेले की ती मला दुनियाभरचं काहीतरी सांगते आणि मी नुसतं ने, ने (हो, हो) करते.

तिसरं म्हणजे सोरीचं. इ ऑक्बे ह्या चित्रकाराचं, १९९५ चं पुस्तक, सोरी नावाची मुलगी छुसॉकला, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाला, शहरातून आजीच्या गावाला जाते. पहाटे निघणं, बस टर्मिनलवरची ती गर्दी, हायवेवर खोळंबलेल्या गाड्या, मग गाव, मोठं झाड, चंद्राच्या उजेडात सगळ्यांनी मिळून सोंगप्यॉन करणं, आणि परत येताना गाठोडीच गाठोडी. वाचता वाचता मला वाटलं हे कोकणात गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांचं पुस्तक आहे, फक्त टोपल्यात तांदळाच्या पिठीचे मोदक नसून अर्धचंद्र आहेत, आणि हळदीच्या पानाऐवजी खाली पाइनच्या सुया घालून वाफवतात. आत तीळ, मध, नाहीतर डाळीसारखं काहीतरी.

आणि हे उगाच वाटत नाही, तारखा बघा. छुसॉक म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि २९ ला छुसॉक. २०२४ मध्ये दोन्ही १७ सप्टेंबरलाच. म्हणजे बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमा, तिथून आपला पितृपक्ष लागतो आणि इथं छुसॉकच्या सकाळी काय करतात तर पूर्वजांसाठी ताटं मांडतात, नवीन तांदूळ, फळं, सोंगप्यॉन, आणि मग कबरींवर जातात, त्याआधी जाऊन तिथलं वाढलेलं गवत कापलेलं असतं. एकाच चंद्राखाली दोन्हीकडं गेलेल्यांना जेवायला वाढतात, आणि आपण म्हणतो शुभ कामं नकोत आणि हे नवे कपडे घालून वाढतात. २०२५ ला त्यांचा अधिक महिना आला आणि छुसॉक गेला ६ ऑक्टोबरला, म्हणजे बरोब्बर कोजागरी! शाळा-ऑफिसांना ३ पासून ९ पर्यंत सलग सुट्टी. आम्ही बाल्कनीत मसाला दूध घेऊन बसलो, थंडीत कुडकुडत, आणि लेकीने चंद्रावरचा ससा दाखवला. कोरियन पुस्तकांमध्ये तो ससा तिथं उखळात तांदूळ कुटत असतो, केकसाठी. मी म्हटलं आपला पण ससा आहे, म्हणून तर चंद्राला शशांक म्हणतात. तिचा प्रश्न, "आपला ससा काय काम करतो?" मला सुचेना. आपला ससा काहीच काम करत नाही बहुतेक, नुसता बसलाय.

आता टेबलावरची बाकीची. खरं सांगायचं तर निम्मी पुस्तकं कंटाळवाणी असतात. खार दोतोरी गोळा करते (दोतोरी म्हणजे ओकचं ते टोपीवालं फळ), एकटी खाते, मित्र रुसतात, मग वाटून खाते, संपलं. ह्या खारीला मी आत्तापर्यंत वीसेक वेळा तरी सुधारलेलं बघितलंय. पण आवाजांसाठी मी तीसुद्धा घेते. कोरियन भाषेत आवाजांचे शब्द ढिगाने आणि आपल्याकडे पण, त्यामुळे इथं मी फुल्ल फॉर्मात असते. सुकी पानं बासराक बासराक, आपली चुरचुर. दोतोरी देगुल देगुल, आपली गडगड गडगड घरंगळत. झाडाला फळं जुरॉंग जुरॉंग, आपली लगडलेली. आणि चेस्टनट झाडावरून पडतो तो आवाज आहे थुक्. थुक्! हे आलं की वाचन बंद, कारण तिला मराठी पण येतं.

पुस्तकातलं गाउल बघायला आम्ही ग्वांग्योसान डोंगरावर जातो. इथं डोंगरांवर पाट्या असतात की दोतोरी खारींसाठी सोडा, आणि काही ठिकाणी तर दोतोरीची गल्लापेटी असते, खिशात भरलेल्या परत टाका म्हणून. कारण माणसं पण खातात ना, दोतोरीच्या पिठाची थरथरणारी तपकिरी वडी करतात, तिला मूक म्हणतात. लेकीने दोन्ही खिसे रिकामे केले, जॅकेटच्या टोपीतल्या मात्र घरी आल्या. एक गोष्ट पुस्तकवाले कधी दाखवत नाहीत, गिंकोचा वास. पिवळ्या पानांचा फुटपाथ सगळ्या पुस्तकात असतो, पण मादी झाडाची फळं बुटाखाली फुटली की काय घाण वास सुटतो तो एकाही पानावर नाही. लेक म्हणते चित्राला वास कसा काढणार. बरोबर आहे.

आणि गाम. पर्सिमन हो. गाउलच्या प्रत्येक पुस्तकात शेवटी एक उघडं झाड आणि टोकावर दोन-तीन नारिंगी गाम असतात, ती मुद्दाम ठेवलेली, काचीबाप म्हणतात, काची पक्ष्याचं जेवण. कावळ्याला घास काढून ठेवणाऱ्यांना हे समजवायला लागत नाही. आईला झाड दाखवलं तर ती म्हणाली हे टेंभरासारखं दिसते. आणि शोधलं तर खरंच, आमच्याकडच्या जंगलातलं टेंभुर्णीचं झाड, ज्याच्या पानाच्या बिड्या वळतात, ते आणि गाम एकाच कुळातले!

हाच गाम सोलून, टांगून सुकवला की गोत्काम. आणि त्याची गोष्ट इथं पोराटोरांना पाठ. रात्री बाळ रडतंय, आई म्हणते लांडगा आला, बाळ रडतंच, वाघ आला, तरी रडतंच. बाहेर खरा वाघ बसलेला, त्याचा अपमान. मग आई म्हणते हा घे गोत्काम, आणि बाळ गप्प. वाघ हादरतो, माझ्याहून भयंकर असा हा गोत्काम कोण? तेवढ्यात गोठ्यात चोर येतो, अंधारात वाघालाच बैल समजून धरतो, वाघाला वाटतं गोत्कामने धरलं, आणि पळत सुटतो.

लेकीने ही गोष्ट माझ्या आईला फोनवर सांगितली. चंद्रपूरच्या बाईला वाघाची गोष्ट! आई आधी हसली, "अवो माय, वाघ फळाले भेते?" आणि मग म्हणाली, आमच्या म्हातारीची पण अशीच होती की. पाऊस पडतोय, कवेलूचं घर गळतंय, म्हातारी म्हणते मी वाघाले नाही भेत, त्या गळतीले भेतो. मागे वाघ ऐकतोय, ही गळती कोण बाप्पा आपल्याहून मोठी? आणि तो पण अंधारात कोणाच्या तरी हातात सापडतो, तो माणूस आपलं हरवलेलं गाढव शोधत असतो. म्हणजे वाघ तोच, अंधार तोच, फक्त आमचा पावसाळ्यात घाबरला आणि ह्यांचा गाउलमध्ये. लेकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज्जी, घर गळतं म्हणजे काय होतं?" चौदाव्या मजल्यावर राहते ती. आई बराच वेळ समजावत होती, पातेलं कुठं ठेवायचं वगैरे.

मग अर्थातच गोत्काम आणावा लागला. बाजारात एका मावशीने वरची पांढरी साखर दाखवून सांगितलं की ती आतूनच येते, वरून लावलेली नाही. घरी येऊन लेकीने वाघाला पळवणाऱ्या त्या वस्तूकडे खूप आदराने बघितलं, अर्धा तोंडात घातला, दोनदा चावला, थांबली.

थुक्.

"वाघ बरोबर होता," म्हणाली. उरलेले सात मी खाल्ले, खारकेसारखे लागतात, छान असतात.