राखणदार आणि चावीवाला

सध्या रात्री जेवणं उरकली की मी एक गोष्ट लिहीत बसतो. लालबाग-परळमधली. दोन पुरुष, दोघांच्याही हाताला थोडीफार जादू, आणि दोघांचा एकमेकांवर जीव. लिहितोय हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पहिल्या झटक्यात एकच विचारलं, "म्हणजे ती जादू म्हणजे 'ते'च ना? लपवायचं, घरी कळलं तर काय, वगैरे?"

नाही रे बाबांनो. इंग्रजीत असल्या गोष्टींचा ढीग आहे आणि मी तो आवडीने उपसलाय. पावसात भिजलेलं शहर, लांब कोटातला मांत्रिक, त्याच्यासाठी झुरणारा कुणी शापित देखणा. तिथे शक्ती असणं हेच गुपित असतं, त्यामुळे एका गुपितावर दुसरं गुपित छान बसतं. मला वाचायला मजा येते. पण आमच्याकडे हे गणितच उलटं आहे.

माझ्या थोरल्या काकांच्या अंगात यायचं. अख्ख्या चाळीला माहीत होतं. दसऱ्याला काकांचे खांदे हलायला लागले की शेजारचे आपणहून टीव्ही बंद करायचे, कुणीतरी नारळ-अगरबत्तीसाठी खाली पळायचं, आणि एरवी काकांशी नळावरून भांडणाऱ्या बायका पदर सावरून रांगेत उभ्या राहायच्या. मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, गावच्या जमिनीची केस, सगळं विचारून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन कामावर. कुणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, उलट मान होता. आणि त्याच घरात माझा माणूस इतकी वर्षं 'ऑफिसातला मित्र' म्हणून जेवायला येतो. आई त्याला सोलकढी न मागता दुसऱ्यांदा वाढते आणि दार लावताना विचारते, "तुमच्या दोघांच्या लग्नाचा काय?" दोघांना एकदम विचारते. आम्ही दोघंही एकदम चपला शोधायला लागतो.

तर आमच्या घरात देव उघड्यावर होता आणि प्रेम झाकलेलं. माझी गोष्ट तिथून निघते.

आधीच सांगतो, अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता असं म्हणणाऱ्यांतला मी आहे. विश्वास नाही म्हणूनच बहुतेक मला हे सगळं निवांतपणे वापरता येतं. विश्वास असता तर भीती वाटली असती.

गोष्टीतल्या एकाचं नाव दत्ताराम. मूळचा वेंगुर्ल्याकडचा, लालबागच्या एका पतपेढीत कारकून. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिकडच्या वाचकांना सांगायला नको. नवस फेडायला वेतोबाला केळ्यांचे घड लागतात आणि चामड्याच्या चपला. चपला माणसाच्या मापाच्या नव्हेत, चांगल्या हातभर लांब. कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून चपला झिजतात, म्हणून नवे जोड वाहायचे. लहानपणी ते जोड बघून मला पडलेला प्रश्न अगदी साधा होता: गावातली निम्मी माणसं गिरणीत कामाला मुंबईला आली, मग त्यांची राखण कोण करतं?

दत्ताराम करतो. दिवसभर आवर्ती ठेवींची पुस्तकं भरतो आणि रात्री त्याची हद्द फिरतो. परळ स्टेशनपासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत, पश्चिमेला रेल्वेच्या रुळांपर्यंत. स्वतः खोलीत झोपलेला असतो, पण सकाळी उठतो तेव्हा चपलांच्या टाचा घासलेल्या असतात. त्याच्या आईला हे ठाऊक आहे. तिचं म्हणणं एवढंच, की देवाला कातड्याचे जोड मिळतात आणि माझ्या झिलाने दर महिन्याला स्वतःच्या पगारातून घ्यायचे, हा कुठला न्याय.

मला जादूचे नियम बसून रचावे लागले नाहीत. कोकणात ते आयते आहेत. राखणदाराला शीव असते. शिवेपलीकडे त्याचं काही चालत नाही. दुसऱ्याच्या हद्दीत जायचं तर शिवेवर नारळ ठेवायचा, परवानगी घ्यायची. हे नियम वाचून एखाद्याला गंमत वाटेल, पण प्रेमकथेला याहून चांगलं काय हवं? एकाचा जीव रुळांच्या अलीकडे बांधलेला आणि दुसऱ्याचं घर पलीकडे, वरळीला.

दुसरा संपत. हा घाटावरचा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला, म्हणजे पाऊस ज्या गावांची नावं विसरून गेलाय तिथला. त्याचा बाप पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचं, आणि जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे विहीर खणायची. भूजलाचा अभ्यास करणारे याला हसतात. हसू देत, गोष्टीत त्यांना मज्जाव आहे. संपतच्या हातात बापाचं ते अंग उतरलंय आणि नोकरी लागलीय महापालिकेत, चावीवाल्याची.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो: या शहरात सगळीकडे सगळा वेळ पाणी नसतं. तानसा, वैतरणा, भातसा अशा लांबच्या तलावांतून पाणी येतं आणि विभागवार, ठरल्या वेळेला सोडलं जातं. ते सोडणारा आणि बंद करणारा माणूस म्हणजे चावीवाला. रस्त्यातलं लोखंडी झाकण काढायचं, पुरुषभर उंचीची चावी आत घालायची आणि तिच्या दांड्याला धरून गोल फिरायचं. किती आटे फिरवायचे ते डोक्यात पाठ. पहाटे लाखो लोकांची आंघोळ या माणसावर अवलंबून असते आणि त्याचा चेहरा कुणाला माहीत नसतो. अदृश्य होण्याची शक्ती वेगळी द्यायची गरजच पडली नाही मला.

पण संपतला नळाचं पाणी ऐकू येत नाही. नळाचं पाणी मुकं असतं, असं तो म्हणतो. त्याला ऐकू येतात त्या बुजवलेल्या विहिरी.

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यातलं मूळ खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत हिवतापाने कहर केला. डासांची पैदास घराघरांतल्या विहिरींत होते हे लक्षात आल्यावर पालिकेने विहिरी झाकायला, बुजवायला सुरुवात केली. लोकांनी विरोध केला. पाण्याची अडचण हे एक कारण, पण दुसरं असं की विहिरीत राहणारा कोपेल. रुस्तम मसानी यांनी १९१८ साली विहिरींच्या लोकसमजुतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आलंय. मसानी स्वतः पालिकेत मोठ्या हुद्द्यावर होते. म्हणजे एकीकडे विहिरी बुजवणारी कचेरी आणि त्याच कचेरीतला माणूस विहिरीतल्या भुतांची दखल घेतोय. मला तर हे वाचून त्या पारशी गृहस्थाला मिठी मारावीशी वाटली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजून आहे, समुद्र इतका जवळ असून पाणी गोड. आत फक्त पारशांना जाता येतं, त्यामुळे संपत बाहेरच्या कठड्याशी उभा राहून नुसता ऐकतो. बाकी किती तरी विहिरी डांबराखाली गेल्या. त्यांतले राहणारे कुठे गेले?

दोघांची भेट अशी होते. रात्रीचे अडीच. संपतची पाळी. चावी खांद्यावरून उतरवून फुटपाथला टेकवलेली, आणि तो एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून तळहातावर नारळ धरून चालतोय. इकडे खोलीत दत्तारामला झोपेत हद्दीवर कुणीतरी नख ओढल्यासारखं होतं आणि तो लुंगीवरच खाली येतो. त्याला वाटतं कुणी उतारा टाकायला आलाय.

"खंयसून इलंस रे? नारळ खाली ठेव."

"ठिवतो की. पर त्योच बसंना झालाय."

नारळ खरोखरच संपतच्या हातावर शेंडी वर करून उभा असतो, जरासा थरथरत. दत्ताराम हात पुढे करतो. राखणदाराच्या हाताला शिवेवरचा नारळ ओळखता येतो, पण हा कुठल्याच शिवेचा नसतो. दोघांची बोटं त्या एका नारळावर आणि खाली डांबरात शंभर वर्षांपूर्वी बुजवलेलं पाणी चुळबुळतंय. दत्तारामच्या हद्दीत, त्याच्या पायाखाली कुणी राहतं हे त्याला इतकी वर्षं कळलं नव्हतं. आणि संपतला इतक्या वर्षांत पहिल्यांदा असा माणूस भेटतो, ज्याला हे सांगितल्यावर तो डोक्याकडे बोट दाखवत नाही.

"तुला कोणी सांगितल्यान हय बाव आसा म्हणून?"

"तिनंच."

(बाव म्हणजे विहीर.) इथे मी थांबलो. पहिल्या भेटीत याहून जास्त नको. एका मैत्रिणीचं म्हणणं पडलं की किमान एक चुंबन तरी घाल. पण गिरणगावात रात्री अडीचलासुद्धा रस्ता रिकामा नसतो. कुणीतरी फूलमार्केटला निघालेलं असतं, कुणी सलाईनची बाटली घेऊन केईएमकडे चाललेलं असतं, आणि मंडपाखाली पत्त्यांचा डाव बाराही महिने चालू. या शहरातली खरी अद्‌भुत वस्तू म्हणजे दार लागणारी खोली. पूर्वी एकेका गावाच्या मंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपायचे, एकाची पथारी उठली की दुसऱ्याची पडायची. दोन पुरुष एका सतरंजीवर झोपले तर कुणी वळूनही बघत नव्हतं, आणि दोघांना एकांत मात्र जन्मात मिळत नव्हता. त्या खोल्यांत काय काय न बोललेलं राहिलं असेल याचा मी फार विचार करतो.

म्हणून मी त्यांना विहीर दिलीय. बुजवलेल्या विहिरीतली बाई (ती बाईच आहे, नाव सांगत नाही, संपतलाही माहीत नाही) त्यांना आत घेते. खाली काळं पाणी, वर एक गोल डांबर, आणि त्यावरून जाणाऱ्या बेस्टच्या बसचा धडधडाट. तिथे ते बोलतात. मुख्यतः तक्रारी करतात. संपतला पगारवाढ नाही, दत्तारामच्या टाचा दुखतात. प्रेमात पडलेली माणसं फार वेळ प्रेमावर बोलत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

परळ आणि प्रभादेवी स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. तो पूल दत्तारामच्या बरोब्बर शिवेवर येतो. कथेच्या दृष्टीने ते इतकं चपखल बसत होतं की मी तो प्रसंग मुद्दाम बाहेर ठेवला. खरी गेलेली माणसं माझ्या नायकाच्या दुःखाला कामाला लावायची नाहीत. गोष्टीत दत्ताराम त्या पुलावरून जाताना चालण्याचा वेग कमी करतो, बस.

आता शेवटाकडे. संकट, खलनायक हे सगळं आहे. विहिरीवर टॉवर उभा करणारा बिल्डर आहे, त्याने घाबरवायला आणलेला एक मांत्रिक आहे. ते लिहायला सोपं गेलं. अवघड आहे ती दत्तारामची आई. तिला कळतं. कसं, ते लिहायला मला तीन ओळीसुद्धा लागल्या नाहीत. आयांना कळतं. प्रश्न हा की कळल्यावर ती जाणार कुठे? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध हा गुन्हा नाही म्हणून सांगितलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा विषय संसदेकडे ढकलला. दत्तारामची आई पेपर वाचणारी बाई आहे, तिला हे दोन्ही माहीत आहे. म्हणून ती त्याच्याही वरच्या कोर्टात जाते. गाडी पकडून गावी, वेतोबासमोर.

गाऱ्हाणं मी आधीच लिहून ठेवलंय:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरान आज इतकी वर्सा तुझ्या रयतेची राखण केल्यान, कोणाकडे एक पैसो मागूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तेच्या जोडीक एक घाटावरचो झील उभो रवलो हा. तो तेचा तहान-पाणी बघता. ह्या दोघांच्या वाटेत कोण आडवो इलो, तर तेची वाट बारा कोस चुकव रे म्हाराजा!"

यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायला देवळात कोण कोण तोंड उघडेल, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. आता ठरवलंय. पहिल्यांदा फक्त म्हातारी मावशी म्हणते, तीही उशिरा, कारण तिला कमी ऐकू येतं आणि काय मागितलंय ते तिला नीट कळलेलंच नसतं. मग सवयीने बाकीचे म्हणतात.

मग कौल. देवाच्या अंगावर ओल्या फुलांचे कळे लावतात, उजवा पडला तर होकार. काही दिवस माझ्या डोक्यात होतं की कळा पडतच नाही, चिकटून राहतो, आणि गोष्ट तिथेच संपते. पण असल्या शेवटांचा मला आता कंटाळा आलाय. आमच्यासारख्यांच्या गोष्टी कायम अधांतरीच का सोडायच्या? उजवा पडतो. लगेच पडतो, गुरवाचा हात मागे येण्याआधीच.

आई मुंबईला परतते, पिशवी ठेवते, दारात अवघडून उभ्या असलेल्या संपतकडे बघते आणि म्हणते, "तू पाण्यावालो मा? मगे तिसऱ्या माळ्यार पाणी चढना नाय, ता बघ आधी."