मिरकरवाड्यात बोट सोडून सगळ्याचे फोटो

कोकणकन्येने पहाटे रत्नागिरीला उतरले, चहा घेतला आणि रिक्षावाल्याला म्हटलं मिरकरवाडा. तो म्हणाला, एवढ्या लवकर मासे घ्यायला? मी म्हटलं नाही हो, फोटो काढायला. मग भगवती किल्ल्यावर चला ना ताई, वरून अख्खं बंदर दिसतं, सगळे तिथूनच काढतात. त्याचं काही चुकत नव्हतं, पण तो फोटो माझ्याकडे आधीच्या दोन ट्रिपांचा पडलाय आणि रत्नागिरीला गेलेल्या प्रत्येकाकडे असतोच. यावेळी मला अख्खी बोट नकोच होती. बोटीचा हातभर तुकडा हवा होता, असा की बघणाऱ्याला कळू नये हे नेमकं आहे काय.

तारीख मुद्दाम अमावास्येची धरली होती. अमावास्येला उधाण असतं, भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी पहाटे नि संध्याकाळी, म्हणजे ऊन तिरकं असतं नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात खाली जातं आणि एरवी बुडालेला बोटीचा भाग उघडा पडतो. त्यात मे महिन्याचा शेवट. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे काही बोटी आधीच वर ओढलेल्या, काही शाकारायला घेतलेल्या, आणि उरलेल्यांची शेवटच्या फेऱ्यांची गडबड, बर्फाचा चुरा, क्रेट, लिलावाचा आरडाओरडा. वासाबद्दल काही लिहीत नाही, फक्त एवढंच की चप्पल अजून बाल्कनीत आहे.

एक सांगून ठेवते, 26/11 नंतर बंदरावर कॅमेऱ्याकडे जरा बारकाईनेच बघतात. आधी विचारा, मग बॅग उघडा. मी विचारलं, हो म्हणाले, फक्त ‘आमचे चेहरे नको’ एवढंच बजावलं. चेहरे मला नकोच होते.

पहिलीच बोट अशी मिळाली की तासभर तिथून हलले नाही. तळाला तांबडा रंग, शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो. त्याच्यावर पाण्याची रेघ, मग हिरवट काळपट पट्टा, मग निळा, आणि निळ्याचे पोपडे उडालेत तिथे खाली जुना हिरवा, त्याच्याही खाली कधीचा तरी पिवळा. एका खिळ्यातून गंजाचा ओघळ थेट तांबड्यापर्यंत आलेला. आणि मधोमध एक काळपट धूसर फराटा, आडवा, कडा विरघळलेल्या. फ्रेममध्ये बघितलं तर पावसाळ्यातला घाटच की! खाली लाल माती, वर धुकं. मी तर खुश.

मागे एक खलाशी जाळं शिवत बसला होता, बराच वेळ माझ्याकडे बघून शेवटी म्हणाला, ताई, त्या डागात काय आहे? टायरचा मार आहे तो. बोट जेट्टीला लागताना आपटली, नाखव्याच्या शिव्या खाल्ल्या आम्ही. झालं! तेव्हापासून त्या फोटोत मला धुकं दिसेना, टायरच दिसतो. मग मला नादच लागला, प्रत्येक खुणेचं कारण विचारत सुटले. तळाला पाण्याखाली करडे ठोकळे बसवलेले, खड्डे पडून चंद्राच्या पृष्ठभागासारखे झालेले, ते जस्ताचे. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजतं आणि बोट ढकलणारा पंखा वाचतो, म्हणून ते मुद्दाम झिजायलाच लावतात. पांढऱ्या गोल खुणांची जी नक्षी मला फार आवडली होती ती बार्नेकल, म्हणजे बोटीला घट्ट चिकटणारे कवचवाले जीव, खरवडल्यावर मागे राहिलेली बुडं निघाली. म्हणजे ज्याला मी अमूर्त म्हणत होते ते सगळं कुणाच्या तरी कामाचं नाहीतर नुकसानीचं खातं होतं, आणि ते खलाशाला पेपरासारखं वाचता येत होतं.

संध्याकाळी पाण्यातली प्रतिबिंबं काढायला बसले. रंगीत बोटी, हलतं पाणी, वर डिझेलचा इंद्रधनुष्यी तवंग (वाईट आहे ते, मान्य, पण दिसतं सुंदर). अर्धा तास काढतेय आणि सगळे फोटो मेलेले, पाणी काळं, रंग गायब, मी उन्हाला दोष देतेय, लेन्सला देतेय, आणि मग लक्षात आलं की सकाळी ओल्या रंगाची चकाकी मारायला लावलेला पोलरायझर तसाच आहे! त्या फिल्टरचं कामच चमक आणि प्रतिबिंब खाणं. काढला, आणि समोर निळ्यापिवळ्या नागमोडी रेघा नाचायला लागल्या. आणखी एक, फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नाही, प्रतिबिंबातल्या बोटीवर करायचा, ती पृष्ठभागाच्या बरीच पलीकडे असते. शटर 1/500 च्या वर ठेवलं तर रेघा कापल्यासारख्या येतात, खाली आणलं की लोणी.

त्यातला एक रात्री भावाला पाठवला, त्याचं उत्तर, ‘गायतोंडे!’ अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र 2013 साली मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेलं होतं. माझ्या फोटोत गायतोंडे नाही, डिझेल आहे, पण बरं वाटलं.

सगळ्यात भारी सापडली ती भिंत मात्र. जिथे बोटी रंगवतात त्याच्या बाजूला एका शेडची भिंत, रंगारी चाचा ब्रश बदलताना उरलेला रंग तिथेच पुसतात, वर्षानुवर्षं. लाल, निळा, पांढरा, थरावर थर, काही ठिकाणी बोटभर जाड. मी भिंतीला नाक लावून चाळीसेक फोटो काढले. चाचा हातातला ब्रश तसाच धरून बघत राहिले, अहो बोट रंगवलीय समोर एवढी नवीन, तिचा काढा. मी म्हटलं भिंतच मस्त आहे. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी राहिलेला कोपरा घ्यायला गेले तर भिंतीच्या बरोब्बर मधोमध, सगळ्या थरांवर, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये मोठा मासा. डोळा, खवले, शेपटी सगळं. चाचा हसत म्हणाले, आता काढा फोटो, आता दिसतंय काहीतरी.

काढला. पापलेट आहे तो. पापलेटला एवढे मोठे खवले कुठे असतात, पण मी काही बोलले नाही.