विडीला पीएफ, शिकवण्याला मानधन

आज भाचीला आणायला सोलापूरच्या पूर्व भागातल्या अंगणवाडीत गेलो होतो. सेविकाताई एका हाताने मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरत होत्या, दुसऱ्याने एकाची चड्डी वर ओढत होत्या, आणि तोंडाने घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांना मराठीत रंग शिकवत होत्या. तेवढ्यात एकाची आई आली. कारखान्यात विड्या जमा करून आलेली, पदराला तंबाखूचा वास.

बोलता बोलता कळलं, तिचा पीएफ कापला जातो. ताईंचा नाही! विडी वळणारी कामगार, आणि तिचं पोर घडवणारी मानधनावरची 'स्वयंसेविका'. १९७५ पासून अंगणवाडीची योजना चालू आहे, तरी हीच तऱ्हा. (२०१८ मध्ये केंद्राने महिन्याच्या मानधनातला आपला वाटा ३००० वरून ४५०० रुपये केला, वर राज्याची भर. त्यात घर चालवून दाखवा.) एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं, सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, कायदा लागू होतो.

ताईंना म्हटलं, मग आता ग्रॅच्युइटी घ्या की. त्या हसल्याच. "मोर्च्यात पूनम गेटवर घसा बसेस्तोवर ओरडलो दादा. ते मिळंल तवा मिळंल, आधी मानधन तरी महिन्याच्या महिन्याला पडू दे."